पाचव्या पानावरच्या रेडीजबाई

आमच्या ऑफिसात आम्ही चारजण कामाला होतो, पण बोलण्यात सहाजण असायचे. जास्तीचे दोघे रेडीजबाईंच्या डोक्यात राहत. एक यशोदा सखाराम आग्रे, वय अठ्ठावन्न, आणि दुसरा तिचा धाकटा दीर पांडुरंग. यशोदेचा थोरला मुलगा डोंबिवलीला, धाकटा घरीच. पांडुरंगाशी तिचं विहिरीवरून पटत नसे. ही सगळी माहिती रेडीजबाईंनी हळूहळू जमवलेली, म्हणजे रचलेली होती.

आमचं काम वेबसाइट बनवण्याचं. बहुतेक कामं अर्जांची असत: कुठे सभासद नोंदणी, कुठे शाळेचा प्रवेश. अर्जाची पानं तयार झाली की ती खोटी माहिती भरून तपासायची असतात. आमचा मालक मंदार प्रत्येक रकान्यात 'अबक अबक' असं ठोकून मोकळा व्हायचा. रेडीजबाईंना ते खपत नसे.

"अबक म्हणजे काय रे मेल्या? अबकचं कधी आडनाव असतं? अबकला पत्ता असतो?" त्या म्हणायच्या. "खोटं लिहायचं तर ते तरी नीट लिही."

आणि मग त्या यशोदेचा अर्ज भरायला बसायच्या. पाठ ताठ, चष्मा नाकावर, दहाही बोटं चालू. डोळे पडद्यावर, कळफलकाकडे एकदाही नाही. रत्नागिरीत माळनाक्याच्या पुढे, हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. खाली पत्रे कापण्याचा आवाज आणि वर बाईंच्या टायपिंगचा. दोन्हींत बाईंचा जास्त.

एसटीत कंडक्टर असलेल्या रेडीजकाकांशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्या टायपिंगच्या परीक्षा पास झालेल्या होत्या. पुढे त्यांनी घरातल्या पडवीत टायपिंगचा क्लास काढला. रत्नागिरीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं आपण वळवली आहेत, असं त्या अभिमानाने सांगत. मग टाइपरायटर गेले, क्लासही गेला. मंदार त्यांचा शेवटच्या बॅचमधला विद्यार्थी. त्याने ऑफिस काढलं तेव्हा माहिती टाइप करायला बाईंना बोलावलं. पण बाई टाइप करताकरता अर्जातल्या चुका सांगू लागल्या, आणि वर्षभरात असं झालं की त्यांनी "बरं आहे" म्हटल्याशिवाय आमच्याकडची एकही वेबसाइट बाहेर जाईना. त्यांच्या हुद्द्याला नाव नव्हतं. आम्ही "बाईंना दाखवलंस का?" एवढंच म्हणायचो.

मी तिथे लागले ती बी.एस्सी. होऊन. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वडील लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्ट करतात, आई देवरूखच्या वरच्या अंगाला गावी. मला ऑफिस म्हणजे काय हे माहीत नव्हतं. खुर्ची कुणी दिल्याशिवाय बसायचं की नाही, इथपासून शंका. पहिल्या आठवड्यात मी एका सोसायटीसाठी पाच पानांचा अर्ज तयार केला. रंग छान, अक्षर छान. बाईंना दाखवायला नेला.

बाईंनी यशोदेची चार पानं भरली. पाचव्या पानावर आल्या आणि थांबल्या. मग त्यांनी 'मागे' दाबलं. पुन्हा 'मागे' दाबलं. सगळी पानं कोरी.

"गेली बिचारी यशोदा," त्या म्हणाल्या. "पाचव्या पानावर गेली."

मी म्हटलं, "बाई, मागे कशाला जाईल कुणी?"

त्यांनी उठून मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "आता तू भर. तुझ्या आईचा अर्ज समज. खरी माहिती भर."

मी आईची पाच पानं भरली. पाचव्या पानावर बाईंनी विचारलं, "आईची जन्मतारीख बरोबर घातलीस ना? शाळेच्या दाखल्यावर आहे तीच?" मला शंका आली. मागे गेले. सगळं पुसलं गेलं. त्यांनी मला पुन्हा भरायला लावलं. आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"कळलं गो बाय, मागे कशाला जातात?" असं म्हणून त्यांनी डब्यातला अर्धा बांगडा माझ्या ताटलीत घातला.

वेबसाइटचा स्वभाव मुळात विसराळू. एका पानावर नाव लिहून तुम्ही 'पुढे' दाबलंत की दुसरं पान तुम्हाला अनोळखी माणसासारखं भेटतं. आधी लिहिलेलं टिकवायचं तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते मुद्दाम कुठेतरी ठेवावं लागतं. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण ते कुणासाठी करायचं हे मला त्या दिवशी समजलं.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुठल्याही अर्जाने तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की त्या पडद्याकडे बघून खडसावायच्या, "एकदा विचारलंत ना? मग लक्षात ठेवा!" मंदार हसायचा. मीही हसायचे. एकदा जेवताना मी त्यांना विचारलं की हे कुठून आलं. तेव्हा त्यांनी सहज, भाजी निवडावी तसं सांगितलं. काका गेल्यावर कागदपत्रांसाठी त्या एका कार्यालयात गेल्या होत्या. प्रत्येक खिडकीवर नवा कागद. प्रत्येक कागदावर पुन्हा नवऱ्याचं नाव आणि मृत्यूची तारीख.

"नऊ वेळा लिहिली ती तारीख," त्या म्हणाल्या. "पहिल्या खिडकीवर हात कापत होता. नवव्या खिडकीवर नाही कापला. त्याचंच मला वाईट वाटलं." आणि लगेच, "आमटी घे. आज आंबट झालीय का गो?"

त्यांचं नीट खोटं लिहिणं एकदा आम्हाला भलतंच महागात पडलं. आंबा बागायतदारांच्या एका मंडळासाठी आम्ही सभासद नोंदणी केली होती. तपासणीतला पांडुरंग आग्रे पुसायचा राहून गेला. मंडळाने सगळ्या सभासदांना सभेची पत्रं पाठवली, त्यात पांडुरंगालाही गेलं. पत्ता इतका चोख की पोस्टमनने दोन दिवस वाडी पालथी घातली. विहिरीशेजारी, काजूच्या दोन झाडांच्या मागे, उतरती कौलं. शेवटी मंडळाचे अध्यक्षच आमच्या जिन्यावरून धापा टाकत आले.

"हे आग्रे कोण? पोस्टमन म्हणतो, घर सापडलं, पण माणूस नाही."

"घर सापडलं?" बाईंचे डोळे चमकले. "विहिरीशेजारीच ना?"

मंदारने टेबलावर डोकं ठेवलं. अध्यक्ष गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "पुसायला हवा होता, चुकलं माझं. पण घर सापडलं बघ!"

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले.

देवरूखला मुलींचं एक वसतिगृह आहे. डोंगरातल्या गावांमधून कॉलेजात येणाऱ्या मुलींसाठी. जागा थोड्या. त्या वर्षी त्यांनी प्रवेशाचा अर्ज वेबसाइटवर घ्यायचं ठरवलं आणि ते काम आमच्याकडे आलं. सहा पानांचा अर्ज. तिसरं पान महत्त्वाचं: घर किती लांब, गावाला दिवसाकाठी एसटीच्या गाड्या किती. जिचं येणं-जाणं जास्त अवघड, तिला आधी जागा, असा त्यांचा नियम.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. अर्ज भरता भरता रेंज जाते, पान पुन्हा उघडलं की सगळं गेलेलं. मुली दोन-दोन तास बसून रडकुंडीला येत होत्या. मंदारने काम माझ्यावर सोपवलं. मी एका दुपारीत युक्ती केली: मुलगी जे लिहील ते त्याच कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवायचं. रेंज जावो, वीज जावो, पान उघडलं की लिहिलेलं हजर. बाईंनी यशोदेला वसतिगृहात घालून बघितलं. मध्येच वायर उपटली, पुन्हा लावली. यशोदा जिवंत. "बरं आहे," बाई म्हणाल्या. मी त्या दिवशी घरी फोन करून आईला सांगितलं, की माझ्या कामामुळे आपल्याकडच्या पोरींची सोय झाली.

मुदत संपली. माहिती वसतिगृहाला वेबसाइटवरून मिळालेली होती, आता दप्तरासाठी अर्जांच्या छापील प्रती द्यायच्या होत्या. बाईंनी तो गठ्ठा घेतला आणि वाचायला बसल्या.

"बाई, वाचता कशाला? माहिती त्यांची," मंदार म्हणाला.

"वाचल्याशिवाय नीट छापलंय की नाही कसं कळणार? तू तुझं कर."

दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. हातात सायली नावाच्या एका मुलीचा अर्ज. तिच्या वाडीचं नाव त्यांनी बोटाने दाखवलं.

"इथे दिवसाला आठ गाड्या लिहिल्यायत. या वाडीला आठ गाड्या? काकांनी दोन वर्षं हीच ड्यूटी केलीय. तिथे एक वस्तीची गाडी जाते. संध्याकाळी चढते, रात्री तिथेच राहते, सकाळी उतरते. बस्स."

"आता वाढल्या असतील," मी म्हटलं.

त्यांनी डेपोतल्या कुणाला तरी फोन लावला. वाढल्या नव्हत्या. मग त्यांनी गठ्ठ्यातून आणखी तीन अर्ज काढले. चौघींच्या तिसऱ्या पानावर तेच: आठ गाड्या, तीन किलोमीटर. चारही अर्ज एकाच दिवशी, पाठोपाठ भरलेले.

मला क्षणात कळलं. देवरूखच्या सायबर कॅफेत एकच कॉम्प्युटर. पहिल्या मुलीने अर्ज भरला, उठली. दुसरी बसली. माझ्या युक्तीने पहिलीचं लिहिलेलं जपलं होतं, ते दुसरीच्या पुढ्यात ठेवलं. नाव दुसरीचं दिसल्यावर ते मुलींनी बदललं असणार. पण गाड्यांचा आकडा? तो तसाच राहिला. इतर तिघी देवरूखच्या आसपासच्याच, त्यांना फरक पडत नव्हता. सायली मात्र डोंगरावरची.

"बाई, हे माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"आणि मी काय केलं? एकटीनेच बसून तपासलं. उठून दुसरीला बसवून बघायला नको होतं?" त्यांनी चप्पल घातलीसुद्धा. "यादी कधी लागते?"

यादी दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होती. मंदार म्हणाला, "मी ई-मेल टाकतो."

"ई-मेल ते यादी लागल्यावर वाचतील."

"बाई, जरा विचार करा. आपणच जाऊन आपली चूक सांगितली तर पुढच्या वर्षीचं काम गेलं समजा."

"गेलं तर गेलं. पोरीचं वर्ष जातंय त्याचं काय?"

मंदारने उघडलेला ई-मेल बंद केला. मग म्हणाला, "बरं, जा. तिकडून फोन करा. मी इथे बसतो, लागलं तर अर्ज पुन्हा उघडून देतो." माणूस तो चांगलाच होता, फक्त पोचायला त्याला वेळ लागायचा.

देवरूखच्या गाडीत बाईंचं तिकीट काढेपर्यंत कंडक्टरशी ओळख निघाली. मी मात्र सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत बसले होते. नोकरी जाणार, वडिलांना काय सांगू, हेच डोक्यात. एकदा बाईंनी पिशवीतून लाडू काढून माझ्या हातात दिला.

वसतिगृहाच्या अधीक्षिका पन्नाशीच्या, शिस्तीच्या होत्या. टेबलावर उद्याची यादी तयार. सायलीचं नाव त्यात नव्हतं, प्रतीक्षा यादीतही खाली होतं. बाईंनी सगळं सांगितलं. अधीक्षिकांनी अर्ज बघितला आणि चेहरा कडक केला.

"म्हणजे या मुलीने चुकीची माहिती भरली. खाली तिने 'सर्व माहिती खरी आहे' असं मान्य केलंय. आमच्या नियमाने असा अर्ज बाद होतो."

आम्ही मदत करायला आलो आणि तिचं उरलंसुरलं नाव खोडायला निघालो होतो.

"बाद करण्याआधी तिला विचारू या," बाई म्हणाल्या. त्यांनी अर्जावरच्या नंबरावर फोन लावला. तो शेजाऱ्यांचा निघाला. पाच मिनिटं हाका, कुत्र्याचं भुंकणं, मग एक बारीक आवाज. बाईंनी फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"सायली का गो? मी रत्नागिरीहून बोलतेय, अर्जाच्या ऑफिसातून. घाबरू नको. तुमच्या वाडीला दिवसाला गाड्या किती?"

"एकच. वस्तीची. पावसात तीबी खालच्या नाक्यापर्यंतच येते. मंग तासभर चालायचं."

"मग अर्जात आठ का लिहिलंस?"

"मी नाय लिवलं, मॅडम. आधीच लिवलेलं व्हतं. मला वाटलं कंप्युटरला एसटीचं सगळं म्हाईत असंल, म्हनून कंप्युटरनंच भरलान." थोडं थांबून ती म्हणाली, "मंग मी खोडलं नाय. म्हटलं, आपुन कशाला त्याला शिकवा?"

अधीक्षिकांच्या तोंडाचा कडकपणा जरा सैल झाला. पलीकडून सायलीने विचारलं, "मॅडम, माझा अर्ज गेला का? आई म्हनते, जागा नाय मिळाली तर कॉलेज नको. अंधारात चालून यायचं नको."

"नाही गेला," बाई म्हणाल्या. अजून काहीच ठरलेलं नव्हतं, तरी म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी अधीक्षिकांकडून कोरा कागद मागितला. त्यांच्याइतकं सुबक हस्ताक्षर मी बघितलेलं नाही. त्यांनी लिहिलं, की अर्ज तयार करताना आमच्याकडून चूक झाली, एकीची माहिती दुसरीच्या अर्जात गेली, चारही मुलींचा यात काहीही दोष नाही. कुठेही 'आमच्या एका मुलीने' असं लिहिलं नाही. सगळीकडे 'आम्ही'. खाली स्वतःची सही केली. मी पेन मागून घेतलं आणि त्यांच्या सहीखाली माझी केली.

"तिने खोटं लिहिलेलं नाही," त्या अधीक्षिकांना म्हणाल्या. "आमच्या अर्जाने तिच्या तोंडी घातलं. बाद करायचं तर आम्हाला करा."

अधीक्षिकांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "चौघींचे अर्ज उघडायला सांगा. आता माझ्यासमोर त्यांना फोन करून तिसरं पान भरा."

मी मंदारला फोन केला. चारही अर्ज उघडले. बाईंनी फोन करून करून विचारलं, मी भरलं. सायलीचा आकडा आठाचा एक झाला आणि ती यादीत वर सरकली. अधीक्षिका शेवटचं नाव खोडून प्रतीक्षा यादीत लिहू लागल्या, तेव्हा बाईंनी विचारलं, "हिला काही माहीत नाही ना अजून?"

"नाही. यादी उद्याच लागणार."

"तरी हिचं काय होतंय ते मला कळवा." आणि पुढचे आठ दिवस त्या रोज फोन करून विचारत राहिल्या. यादीतल्या एका मुलीला रत्नागिरीला प्रवेश मिळाला, ती जागा या मुलीला गेली, तेव्हा बाईंनी ऑफिसात सगळ्यांना भजी दिली.

त्यानंतर मी तो अर्ज पहिल्यापासून नव्याने लिहिला. आता मुलगी 'पुढे' दाबते तेव्हा तिचं पान आमच्याकडच्या डेटाबेसमध्ये, तिच्याच अर्ज क्रमांकाखाली, कच्चं म्हणून जमा होतं. कॅफेतल्या कॉम्प्युटरमध्ये काही राहत नाही. रेंज गेली तर क्रमांक आणि जन्मतारीख घालून ती कुठूनही, दुसऱ्या दिवशीही पुढचं भरू शकते. ती स्वतः शेवटचं बटण दाबेपर्यंत काहीच पक्कं होत नाही. बाईंनी तपासायला खालच्या हार्डवेअरवाल्याला वर बोलावलं, यशोदेचा अर्ज अर्धा भरून उठल्या आणि त्याला खुर्चीवर बसवलं.

"काय दिसतंय?"

"काय नाय. कोरा हाय."

"शाब्बास!" असं त्या इतक्या जोरात म्हणाल्या की त्याला वाटलं, त्यानेच काहीतरी केलं. वसतिगृहाचं काम गेलं नाही. पुढच्या वर्षी अधीक्षिकांनी ते पुन्हा आमच्याकडेच दिलं, फक्त पत्रात एक अट घातली: अर्ज रेडीजबाईंनी वाचलेले असावेत.

पुढे बाईंचे गुडघे दुखू लागले, जिना चढवेना. त्या नोकरी सोडून लेकीकडे नाशिकला गेल्या. आम्ही फोनवर बोलतो. अजून त्या विचारतात, "काय गो, मागे जाऊन बघितलंस ना?" मी आता नव्याने येणाऱ्यांना तीन-तीनदा अर्ज भरायला लावते, आणि ते माझ्यावर चिडतात.

पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते नाशिकला जाण्याआधीच्या गणपतीत, देवरूखच्या स्टँडवर. मी गावी निघाले होते. बाई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या. सायलीच्या आईने त्यांना गौरीला बोलावलं होतं. सायली तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहातून सामान घेऊन त्यांच्या शेजारी उभी.

"गुडघे एवढे दुखतात आणि डोंगरावर कुठे निघालात?" मी रागावले.

"चालायचं नाही गो. पाऊस कमी आहे, गाडी वरपर्यंत जाते. मी डेपोत विचारलंय."

गाडी लागली. सायलीने पिशवी घेतली, मी हात दिला, बाई एक-एक पायरी करत वर चढल्या. कंडक्टर नवा पोरगा होता. त्याने त्यांचे पाय बघितले आणि काळजीने म्हणाला, "आजी, ही वस्तीची गाडी आहे हां. आज परत यायला गाडी नाही."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या आणि खिडकीशी ऐसपैस बसल्या. "तू दोन तिकिटं फाड."